गुलाबी डॉक्टरांची फेरतपासणी

चाळीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवलेल्या त्या डॉक्टरांना सगळे ‘गुलाबी डॉक्टर’ म्हणत, आणि हे नाव त्यांनी मेहनतीनं कमावलं होतं. सर्दी असो, ताप असो, कान ठणकत असो की घसा धरलेला असो, पोर रडत आत जायचं आणि गुलाबी औषधाची बाटली घेऊन बाहेर यायचं. औषध अँटिबायोटिकच, पण चवीला गोड, वासाला फळासारखं. बाटली बघून पोरं रडणं थांबवायची आणि आया खुर्ची सोडायच्या. बाहेर बाकांवर तीस-चाळीस पोरं एका सुरात भोकाड पसरून बसलेली असताना आतल्या आईनं खुर्ची सोडणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. दवाखाना त्यांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंना देऊन टाकला होता. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. आता घरात ते आणि त्यांची लेक. लेक चाळिशीची, पुलांची तपासणी करणारी इंजिनीअर. सकाळी आठला ती निघायची, निघताना तीनदा गॅस बघायची, दार ओढून घ्यायची आणि पुन्हा उघडून विचारायची, “बाबा, गॅस बंद आहे ना?” एकदा ती गेली की डॉक्टरांपुढे अख्खा दिवस आ वासून उभा राहायचा. मग ते पेपर वाचत. आधी बातम्या, मग शब्दकोडं, मग हरवले-सापडले, आणि शेवटी इमारतींच्या टेंडरच्या नोटिसा. त्या इमारतींशी त्यांचा काडीचाही संबंध नसे, पण कुठे किती पोती सिमेंट लागणार हे त्यांना तोंडपाठ झालं होतं.

अशाच एका मंगळवारी आरोग्याच्या पानावर त्यांची नजर गेली. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत अँटिबायोटिक दिलेल्या मुलांमध्ये मोठेपणी चिंता, उदासी, चंचलपणा यांचं प्रमाण थोडं जास्त आढळतं, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. पोटात चांगले जंतू असतात, त्यांचा आणि मेंदूचा म्हणे सतत पत्रव्यवहार चालू असतो. औषधानं वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात आणि पत्रव्यवहारात गडबड होते. बातमी पान पाचवर पुढे चालू होती. डॉक्टर पान पाचवर गेलेच नाहीत. ‘थोडं’ आणि ‘काही’ हे दोन शब्दही त्यांच्या डोळ्यांना दिसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सिस्टरना फोन लावला.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या त्यांच्या परिचारिका. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याबरोबर होत्या, आणि डॉक्टरांना तोंडावर बोलणारी जगातली एकमेव व्यक्ती होत्या.

“सिस्टर, मी एक अख्खी पिढी वेडी करून ठेवली!”

“कुठली?”

“आपलीच! आपल्या दवाखान्यातली!”

“ती आधीपासूनच तशी होती,” सिस्टर म्हणाल्या. “मी वजनं घ्यायचे ना त्यांची. मला माहीत आहे.”

पण अर्ध्या तासात त्या आल्या. डॉक्टरांनी कपाटातली जुनी रजिस्टरं जमिनीवर मांडून ठेवली होती आणि त्यांच्या मधोमध ते मांडी घालून बसले होते. आता आपलं आपल्याला उठता येणार नाही, हे त्यांच्या नुकतंच लक्षात आलं होतं. सिस्टरनी आधी त्यांना उठवलं, मग बातमी वाचली, तीही आरोग्याच्या पानापुरतीच.

“मग आता काय करायचं म्हणता?”

“फेरतपासणी,” डॉक्टर म्हणाले. “ज्यांना सगळ्यांत जास्त कोर्स दिले त्यांना शोधायचं, घरी जाऊन बघायचं. डोकं ठिकाणावर आहे की नाही. डॉक्टरची जबाबदारी बाटलीबरोबर संपत नाही.”

रजिस्टर वाचायला बसले आणि पहिल्याच पानावर घोडं अडलं. सिस्टरनी गुलाबी औषधासाठी सगळीकडे ‘गु’ असं लिहून ठेवलं होतं.

“या पोराला वर्षभरात सतरा वेळा?” डॉक्टरांनी रजिस्टर डोळ्यांजवळ धरलं.

सिस्टरनी चष्मा वर सरकवला. “सतरा कसले? ऱ्हस्व गु म्हणजे गुलाबी. दीर्घ गू म्हणजे तक्रार.”

“आणि हे? हे ऱ्हस्व आहे की दीर्घ?”

“हे घाईत लिहिलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या दिवशी नक्की काय झालं ते त्याच्या आईलाच ठाऊक.”

दुपारपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ निवडत तीन माणसं निघाली, जी अजून दवाखान्याच्या भागातच राहत होती आणि ज्यांच्या नावापुढे ऱ्हस्व गु निर्विवाद जास्त होते. डॉक्टरांनी नवी वही काढली, रकाने आखले: भीती, उदासी, चंचलपणा, इतर. ‘इतर’चा रकाना त्यांनी जरा रुंद ठेवला.

पहिला कुलूपवाला. दोन वर्षांचा होईपर्यंत नऊ कोर्स. आता छत्तिशीचा, छातीपर्यंत दाढी, चौकाच्या कोपऱ्यावर दुकान. डॉक्टर दुकानात शिरले, गिऱ्हाईक उभं होतं तरी थेट पुढे गेले आणि सवयीनं म्हणाले, “हं, बाळ, आ कर.”

कुलूपवाल्यानं सवयीनं आ केला. गिऱ्हाईक किल्ली घेऊन मागच्या मागे सटकलं.

“डॉक्टर! तुम्ही? मला काय झालंय?” कुलूपवाला तोंड मिटून म्हणाला.

“तेच बघायला आलोय. झोप लागते का?”

“लागते.”

“उगाचच कसली भीती वाटते का?”

“आता वाटायला लागली आहे.”

डॉक्टरांनी ‘भीती’च्या रकान्यात खूण केली. सिस्टरनी त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन ती खूण खोडली. “तुम्ही घाबरवलेलं धरायचं नाही,” त्या म्हणाल्या.

जेवणाची वेळ झाली तसं कुलूपवाल्यानं दुकान बंद केलं. शटर ओढलं, कुलूप लावलं, दोन्ही हातांनी हिसका दिला. चार पावलं चालला, परत आला, पुन्हा हिसका दिला. पुन्हा चालला, पुन्हा परत. असं पाच वेळा. डॉक्टर सिस्टरना कोपरानं ढोसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा आणि विजय यांची अशी काही खिचडी झाली होती की बघवत नव्हतं.

“बाळ,” ते हळुवारपणे म्हणाले, “हे पुन्हा पुन्हा बघणं कधीपासून आहे?”

“दुकान काढल्यापासून.”

“कुलूप लागलं नसेल असं मनात येतं? विचार थांबत नाही?”

“विचार कसला, डॉक्टर? हे कुलूप मी स्वतः बनवलंय. ते कसं आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून बघतो.” मग त्यानं आवाज खाली आणला. “लोकांना विकतो ती कंपनीची असतात. ती चांगली आहेत.”

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना शटरला टेकावं लागलं. आणि टेकल्याबरोबर कुलूप उघडलं.

दुसरी होती गाडी शिकवणारी बाई. चौदा कोर्स, रजिस्टरातला विक्रम. लहानपणी तिचे दोन्ही कान एकाआड एक फुटायचे. ती म्हणाली, “डॉक्टर, मला उसंत नाही. बोलायचं असेल तर मागे बसा.” म्हणून डॉक्टर आणि सिस्टर मागच्या सीटवर बसले. पुढे चालवायला एक पन्नाशीचे काका होते. आज त्यांचा तिसरा धडा होता आणि पहिल्या दोन धड्यांत काय झालं ते गाडीच्या पत्र्यावर दिसत होतं.

“विचारा ना,” बाई म्हणाली. तिच्या मांडीवर शेंगदाण्यांची पुडी होती.

“तुला कधी छातीत धडधड...” डॉक्टरांनी सुरुवात केली, आणि काकांनी गाडी फुटपाथवर चढवली. एका फळवाल्यानं कडेला उडी मारली.

“काका, रस्ता उजवीकडे आहे,” बाई म्हणाली आणि एक शेंगदाणा तोंडात टाकला.

“...धडधड होते का?” डॉक्टरांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली.

“नाही हो. कशानं होईल?”

समोरून बस येत होती. काकांनी डोळे मिटले. डॉक्टरांनीही मिटले. सिस्टर मात्र टक लावून बघत होत्या, कारण मरायचंच आहे तर काय होतंय ते कळलं तरी पाहिजे, असं त्यांचं मत. बाईनं दोन बोटांनी स्टीअरिंग इकडून तिकडे केलं, पायाखालचा जादा ब्रेक दाबला आणि बस हवेचा झोत देऊन गेली.

“काका, डोळे उघडे ठेवले की सोपं जातं,” ती म्हणाली. “हं डॉक्टर, पुढचा प्रश्न?”

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न बाजूलाच राहिला. ते ओरडत होते, पण ते ओरडणं आपलं आहे हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. गाडी थांबली तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती आणि वहीच्या पानाचा चुरगळून बोळा झाला होता. खाली उतरल्यावर त्यांनी ‘इतर’च्या रकान्यात लिहिलं: ‘भावनांचा संपूर्ण अभाव?’

“ह्याला धीर म्हणतात, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या.

“एवढा?”

“रोज काकांबरोबर बसून बघा. येईल.”

तिसरा एक ट्रंपेट शिकवणारा मास्तर. रजिस्टरातलं त्याचं पान सिस्टरना न उघडताही पाठ होतं. सातव्या महिन्यात न्यूमोनिया, छाती भाता झालेली, ओठ निळे पडलेले. त्या वेळी डॉक्टर तीन दिवस इस्पितळातून हलले नव्हते. इंजेक्शनं, मग तोंडानं औषध, मग पुन्हा. पुढच्या वर्षातही चार-पाच कोर्स झाले होते.

मास्तर एका तळघरातल्या खोलीत शिकवत होता. भिंतींवर जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, शेजाऱ्यांच्या विनंतीवरून. डॉक्टरांना बघताच त्यानं ट्रंपेट खाली ठेवलं, येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी आपल्या मनातल्या रकान्यात खूण केली.

“कसा आहेस? म्हणजे... मनानं?” त्यांनी विचारलं.

मास्तर गादीच्या भिंतीला टेकून बसला. “आता बरा आहे. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. तिशीत दोन वर्षं फार वाईट गेली. सकाळी उठवत नव्हतं. ट्रंपेट कपाटात पडून होतं. मग डॉक्टरकडे गेलो, गोळ्या घेतल्या, बोलायला जायचो आठवड्यातून एकदा. हळूहळू सुटलो त्यातून. अजूनही हिवाळ्यात जरा जपून असतो.”

डॉक्टरांना वाटलं होतं की सापडलं तर निदान आपलं बरोबर होतं असं तरी वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्यांनी वही मिटून ढुंगणाखाली दाबली.

“ते माझ्यामुळे झालं असेल,” ते म्हणाले, आणि बातमी, पोटातले जंतू, पत्रव्यवहार, ऱ्हस्व गु, सगळं एका दमात सांगून टाकलं.

मास्तर ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांना वाटलं, पोरगा रडतोय. तो हसत होता.

“डॉक्टर, माझे वडील दर पावसाळ्यात महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आजोबा तर एकदा दोन वर्षं कुणाशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या वेळी तुम्ही जन्मालाही आला नव्हता. त्यांना कुणी पाजलं होतं गुलाबी?”

“पण तरी, अभ्यासात...”

“असेल. थोडंफार असेलही. मला त्यातलं कळत नाही. पण त्या वेळी तुम्ही औषध दिलं नसतं, तर उदास व्हायला मी राहिलो असतो का? उदास व्हायला तरी माणूस जिवंत लागतो ना!” त्यानं ट्रंपेट उचललं. “बसा, एक ऐकवतो.”

त्यानं छाती भरून घेतली आणि वाजवलं. काय वाजवलं ते डॉक्टरांना कळलं नाही, त्यांना संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष त्या छातीकडे होतं. सिस्टर डोळे पुसत होत्या आणि गादीतला कापूस नाकात गेला म्हणून सांगत होत्या.

संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा डॉक्टर स्वयंपाकघरात वही पुढ्यात घेऊन बसले होते आणि सिस्टर चहा ओतत होत्या. लेकीनं आधी गॅस बघितला. मग खिडकीची कडी बघितली. मग सिस्टरच्या हातातली किटली बघून म्हणाली, “जपून हं, कान सैल आहे तिचा.” मग वही बघितली.

“हे काय?”

सांगावं लागलं. सांगता सांगता डॉक्टरांना पेपर उघडून बातमी दाखवायची होती, पण तो लेकीनं आधीच उघडला होता आणि ती वाचत वाचत पान पाचवर पोचलीही होती.

“बाबा, हे तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत का?”

“म्हणजे काय! हे बघ, इथे...”

“इथे खाली लिहिलंय. ‘दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही. जी मुलं वारंवार आजारी पडतात त्यांनाच औषध जास्त मिळतं, म्हणजे दोष आजाराचाही असू शकतो. एकाच घरातल्या भावंडांची तुलना केली तर फरक बराच कमी होतो, असं काही ठिकाणी आढळलं. गरज असताना औषध टाळू नये.’”

डॉक्टरांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी किटलीकडे बघितलं.

“पान पाचवर होतं ते,” डॉक्टर बारीक आवाजात म्हणाले.

“आणि या यादीत माझं नाव का नाही?” लेक म्हणाली.

“तुला एकही दिलं नव्हतं. पहिल्या दोन वर्षांत शून्य.”

सिस्टरनी कप खाली ठेवला. त्यांनी लेकीकडे बघितलं, गॅसकडे बघितलं, खिडकीच्या कडीकडे बघितलं. ही मुलगी आठव्या इयत्तेत असताना सहलीला जाताना बसच्या ड्रायव्हरला डोळे तपासून आणायला सांगून आली होती. ही मुलगी कुठल्याही लिफ्टमध्ये आधी पाटीवरचं वजन वाचून आतल्या माणसांची बेरीज करायची. तिला पूल तपासायला पगार मिळत होता, पण बिनपगारी तिनं सगळं जगच तपासायला घेतलं होतं.

“अहो डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या, “सगळ्या दवाखान्यात घाबरट एकच निघाली, आणि तिला थेंबसुद्धा नाही!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आधी लेक हसली, मग सिस्टर, आणि डॉक्टरही हसले, खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. आणि मग लेकीनं सहज, काही मनात न धरता विचारलं:

“पण मला का नाही दिलंत? माझेही कान दुखायचे ना?”

डॉक्टरांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

तिचा कान दुखायचा तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतलं होतं. दुखणं थांबायचं औषध दिलं, ताप मोजला, कान पुन्हा पुन्हा बघितला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ती आपोआप बरी झाली. बहुतेक कान आपोआप बरे होतात, हे त्यांना तेव्हाही पक्कं माहीत होतं. थांबायला फक्त दोन-तीन दिवस लागायचे, आणि आईला ते समजावून सांगायला दहा मिनिटं. बाहेर बाकांवर चाळीस पोरं असताना दहा मिनिटं आणायची कुठून? बाटली द्यायला एक मिनिट पुरायचं.

“आपलं ते बाळ,” ते अखेर म्हणाले, “आणि दुसऱ्याचं ते कार्टं. असं झालं असणार.”

आता कुणी हसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, “बाटल्या मीच भरायचे,” आणि त्यांनी डॉक्टरांच्या कपात आणखी चहा ओतला. लेकीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि किती तरी वेळ तो काढला नाही. त्या वेळात तिनं एकदाही गॅसकडे बघितलं नाही.

इकडे त्या भागात भलतीच हवा पसरली होती. कुलूपवाल्यानं गाडीवाल्या बाईला फोन केला, बाईनं ट्रंपेट मास्तरला केला. गुलाबी डॉक्टर लोकांना धरून धरून ‘डोकं ठिकाणावर आहे का’ विचारत फिरताहेत, म्हणजे कुणाचं डोकं ठिकाणावर नाही ते उघड आहे, असं तिघांचं एकमत झालं. रविवारी सकाळी दहाला तिघं दारात हजर.

“डॉक्टर, बसा,” गाडीवाली बाई म्हणाली. डॉक्टर बसले. त्या बाईनं बससुद्धा दोन बोटांनी चुकवली होती.

“आ करा,” कुलूपवाला म्हणाला.

“अरे, पण...”

“करा ना हो.” सिस्टर दारातून म्हणाल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण असं काही घडत असताना त्या तिथे नाहीत, असं कधी झालंच नव्हतं.

ट्रंपेट मास्तरनं खिशातून घडी केलेला कागद काढला. “मी बोलायला जायचो तिथे मला जे प्रश्न विचारायचे तेच विचारतो. मनापासून उत्तर द्या. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला?”

डॉक्टरांनी विचार केला. “टेंडरच्या नोटिसांत.”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

“दिवसभरात किती लोकांशी बोलता?”

“लेक निघते तेव्हा गॅसबद्दल बोलतो.”

“आपण काहीतरी मोठी चूक केली आहे असं वाटतं का?”

“वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “आणि ते खरं आहे. पण ती कुठली, ते मला या आठवड्यात कळलं. मंगळवारी वाटली होती ती ही नव्हे.” आणि त्यांनी तिघांनाही कानाची, मांडीची आणि दहा मिनिटांची गोष्ट सांगितली. कुणाला दोष न देता, सरळ सांगितली, आणि शेवटी म्हणाले, “तुझे कान, पोरी, त्यातल्या निम्म्या वेळा तरी आपोआप बरे झाले असते. मी थांबून बघितलं नाही. माफ कर.”

गाडीवाल्या बाईनं दोन्ही कान चाचपले. मग म्हणाली, “माझी आई थांबली असती असं वाटतं तुम्हाला? तिनं तुमचं टेबल उलटं केलं असतं.” तिनं खिशातून शेंगदाणे काढले आणि त्यांच्यापुढे धरले. “पण सांगितलंत ते बरं केलंत.”

मास्तरनं कागदाची घडी घातली. “निदान सोपं आहे. माणूस शहाणा आहे. फक्त त्याला काम नाही.”

“काम काय देणार?” कुलूपवाला म्हणाला. “माझ्या दुकानात बसवतो. पण तिथे ते गिऱ्हाईक पळवतात.”

तेव्हा लेक पहिल्यांदा बोलली. “त्यांच्याकडे आता रोज दहा-दहा मिनिटं रिकामी आहेत. पुष्कळ आहेत. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना विचारून बघू या का?”

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या आधी घाबरल्या. जुना डॉक्टर परत आला की औषधांत ढवळाढवळ करतो असा सगळ्यांचा अनुभव. पण डॉक्टर म्हणाले, मी औषध लिहिणार नाही, तपासणी तुमची, निर्णय तुमचा. ज्या आईला तुम्ही ‘दोन दिवस थांबू’ म्हणाल, तिला फक्त माझ्याकडे पाठवा. मी समजावतो. माझा फोन नंबर देतो. बाईंनी बाहेरच्या रांगेकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, “उद्यापासून या. आजपासून आलात तरी चालेल.”

कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या. सिस्टरही आल्या, कारण डॉक्टरांना एकटं सोडणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. पहिल्याच दिवशी एक आई आली, कडेवर दहा महिन्यांचं पोर, नाक वाहतंय, पोर मजेत, आई लालबुंद.

“मला तिकडे सांगितलं औषध इथे मिळेल.”

“औषध नाही मिळणार. बसा. मी सांगतो ते...”

“मग मिळतं काय इथे?”

“दहा मिनिटं,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ही सर्दी विषाणूची, तिच्यावर ते औषध चालतच नाही. काय प्यायला द्यायचं. ताप किती चढला तर यायचं. श्वास कसा मोजायचा, हे तर पोराच्या पोटावर तिचा हात ठेवून दाखवलं. बाई ऐकत होती, पण पटत नव्हतं. शेवटी ती सिस्टरकडे वळली. “नुसतं थांबा म्हणून सांगायला बसवलंय का या आजोबांना?”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “फार उशिरा शिकलेत. ऐकून घ्या.”

त्या दिवशी त्या बाईचे अकरा फोन आले. शिंकलं, फोन. शिंक अर्धवट राहिली, फोन. डॉक्टरांनी सगळे घेतले.

त्याच आठवड्यात एक छोटी मुलगी रांगेत मागे बसली होती, आईच्या खांद्यावर डोकं टाकून. डॉक्टर दुसऱ्या कुणाशी बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष तिच्या पोटाकडे गेलं. बरगड्यांखाली खड्डे पडत होते. ते खुर्चीवरून असे उठले की खुर्ची उलटी झाली. मुलीला उचलून सगळी रांग ओलांडून त्यांनी आतलं दार पायानं ढकललं आणि ओरडले, “हिला थांबवायचं नाही! हिला आत्ताच द्या!” डॉक्टरीणबाईंनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, मान हलवली आणि इंजेक्शन भरायला घेतलं. आई रडत होती. डॉक्टर तिच्याजवळ बसले आणि न्यूमोनिया म्हणजे काय ते सांगू लागले, पण तिचं लक्ष नव्हतं, म्हणून मग त्यांनी तिला तळघरातल्या एका ट्रंपेटवाल्याची गोष्ट सांगितली.

चार दिवसांनी ती मुलगी दवाखान्यात आली ती सिस्टरच्या टेबलावरची पेन्सिल पळवायला. पेन्सिल परत द्यायला तिनं साफ नकार दिला. डॉक्टरांनी ती मागितली नाही. त्यांच्यासमोर कान धरून ओरडणारा एक दोन वर्षांचा मुलगा होता, त्याचे आई-बाप दोघंही घड्याळाकडे बघत होते, आणि डॉक्टर म्हणत होते, “घाई नाही. सावकाश सांगा. काल रात्रीपासून की परवापासून?”